चार दरवाजे आणि बीजगणिताची मांडवी

गणिताच्या प्राध्यापकाला सुट्टी नसते, असे आमच्या प्राध्यापक-कक्षात गमतीने म्हटले जाते. पाहुणा म्हणून कोठेही जा, त्या घरातील एखादे मूल वही-पेन्सिल घेऊन पुढ्यात उभे केले जातेच. गेल्या मे महिन्यात मी बडोद्यास धाकट्या बहिणीकडे राहावयास गेलो, तेव्हाही असेच झाले. फरक इतकाच की, माझी बारा वर्षांची भाची वहीऐवजी टॅब घेऊन आली, आणि तिच्या पाठोपाठ तिचे आईवडील दोन परस्परविरुद्ध मते घेऊन आले.

भाची दीड वर्षापासून शाळेत जात नाही. ती बोलताना अडखळते. सहावीत असताना फळ्यापाशी उभे राहून उदाहरण मोठ्याने सोडवून दाखवण्याची पाळी आली, की 'तेवीस' किंवा 'त्रिकोण' अशा शब्दावर तिची गाडी अडे आणि वर्ग हसे. एकदा तर शिकवणारेही हसले. त्यानंतर दर सोमवारी सकाळी तिचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना कारण सापडेना; आईला मात्र सापडले. तिने मुलीला शाळेतून काढले आणि घरीच अभ्यास सुरू केला. भाषा आई शिकवते, विज्ञान पुस्तकातून होते आणि गणित आंतरजालावरून. पडद्यावरचा शिक्षक समजावून सांगतो, मग उदाहरणे येतात, उत्तर बरोबर आले की हिरवी खूण उमटते. टॅबवर अशा हिरव्या खुणांचे शेतच्या शेत पिकलेले मला दाखवण्यात आले.

"दादा, तू गणिताचा माणूस," बहीण म्हणाली, "तूच तपासून सांग. हे दीड वर्ष फुकट गेलं का?"

मेहुण्यांचे मत ठरलेले होते. "लपून बसायची सोय झाली आहे ही," ते म्हणाले, "जूनमध्ये पुन्हा शाळेत घालायचं."

भाचीची आजी खाली बसून मेथी निवडत होती. ती काही बोलली नाही. भाची माझ्याकडे पाहत होती. माझ्या एका शब्दावर त्या मुलीचा जून अवलंबून आहे, हे माझ्या ध्यानात आले, आणि परीक्षक म्हणून इतकी वर्षे काढलेल्या माझा हात प्रथमच थोडा थरथरला.

तिच्या अभ्यासक्रमाचे नाव होते 'प्री-आल्जिब्रा'. अमेरिकेतील शाळांत अंकगणित संपून बीजगणित सुरू होण्यापूर्वी, साधारण अकरा ते तेरा या वयात, हा विषय स्वतंत्रपणे शिकवितात. आपल्याकडे त्याला वेगळे नाव नाही, पण सहावी ते आठवीच्या पुस्तकांत तोच माल असतो: पूर्णांक संख्या, अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, बैजिक राशी आणि एका चलातील समीकरणे. या लेखापुरते आपण त्याला 'पूर्व-बीजगणित' म्हणू.

मी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ लिहिली:

८ + ४ = □ + ५

चौकटीत कोणती संख्या येईल? तिने क्षणाचाही विलंब न लावता १२ लिहिले. "मग त्या अधिक पाचाचं काय?" मी विचारले. तिने पुढे आणखी एक बरोबरचे चिन्ह काढून १७ लिहिले. उत्तर आहे ७.

मग मी टॅबवरचेच एक समीकरण दिले: ३क्ष + २० = २००. ते तिने दोन ओळींत सोडवले, क्ष = ६०. कसे? "वीस प-पलीकडे नेले की चिन्ह बदलतं." का बदलते? ती गप्प झाली. ती शांतता अडखळण्याची नव्हती, एवढे मला कळले.

येथे यंत्राला नावे ठेवावयास मी सरसावलो होतो. पण आपल्याच महाविद्यालयातील प्रथम वर्षाचे वर्ग डोळ्यांपुढे आले. २क्ष + ३ याचे ५क्ष करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. आणि 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हे वाक्य मी स्वतः किती वर्षे फळ्यापाशी उच्चारीत आलो आहे! अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच ८ + ४ चे उदाहरण सहावीच्या १४५ मुलांना घातले होते. त्यांच्यापैकी एकाचेही उत्तर बरोबर आले नाही; सर्वांनी १२ किंवा १७ लिहिले. ही मुले शाळेतच शिकत होती. तेव्हा दोष घरच्या शाळेचा किंवा पडद्याचा एकट्याचा नाही. अंकगणितातून बीजगणितात शिरताना जी जागा ओलांडावी लागते, ती कोठे आहे हेच आपण मुलांना दाखवीत नाही.

बहिणीचे घर लहरीपुऱ्यात, दरवाजाच्या आतल्या अंगाला आहे. बडोद्याच्या जुन्या शहराला चार दिशांना चार दरवाजे: पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट. चारही रस्ते आत जाऊन मध्यभागी मांडवीला मिळतात, आणि या सगळ्या भागालाच लोक 'चार दरवाजा' म्हणतात. संध्याकाळी भाचीला घेऊन मी लहरीपुऱ्याहून मांडवीपर्यंत बांगड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांतून वाट काढीत चालत असे. पूर्व-बीजगणिताचेही असेच चार दरवाजे आहेत, हे तिला सांगता सांगता मलाच उमगत गेले.

पहिला दरवाजा बरोबरच्या चिन्हाचा. अंकगणितात मूल हे चिन्ह 'आता उत्तर लिही' अशा अर्थाने वाचते. गणकयंत्रावरही ते बटण दाबले की उत्तर येते. बीजगणितात त्याचा अर्थ तराजूचा: डावे पारडे आणि उजवे पारडे समतोल. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली आपल्या ग्रंथात हे चिन्ह प्रथम वापरले, तेव्हा दोन समांतर समान रेषांइतके एकमेकांसारखे दुसरे काही नाही, असे कारण दिले होते. तराजू एकदा डोळ्यांपुढे आला, की 'पलीकडे नेणे' ही जादू उरत नाही. ३क्ष + २० = २०० मध्ये दोन्ही पारड्यांतून वीस वीस उचलले: ३क्ष = १८०. दोन्ही पारड्यांचे तीन तीन समान वाटे केले: क्ष = ६०. कोणीही कोठेही पलीकडे गेले नाही.

दुसरा दरवाजा ऋण संख्यांचा. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम दिले. 'धन' आणि 'ऋण' हे शब्दच सावकाराच्या ओट्यावरचे आहेत. आपल्या मुलांना ते इंग्रजी शब्दांपेक्षा अधिक लवकर कळावयास हवेत. भाचीला 'ऋण गुणिले ऋण बरोबर धन' हे पाठ होते. का, ते ठाऊक नव्हते. येथे आजीने पहिल्यांदा तोंड उघडले. आजी पूर्वी घरी भाजणी आणि पापड करून विकीत असे. तिची उधारीची चोपडी अजून फडताळात आहे. ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर दोन-दोन रुपयांची तीन देणी होती. वाण्यानं तिन्ही खोडली. मी सहा रुपयांनी वर आले की खाली?" देणे म्हणजे ऋण दोन, ते तीनदा काढून घेणे म्हणजे ऋण तीन वेळा, फळ धन सहा. मी वहीत दुसरी वाट दाखवली: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर दोनने वाढते आहे. मग पुढच्या पायरीला, (−१) × (−२) ला, काय येईल? भाचीने २ लिहिले आणि आजीकडे पाहून हसली. पण खरे सांगायचे तर आजीचे उदाहरण माझ्यापेक्षा सरस होते.

तिसरा दरवाजा अपूर्णांकांचा आणि गुणोत्तराचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी यांचे पाढे आजीला आजही पाठ आहेत. आपण ते पाढे सोडले, त्यात मोठा तोटा झाला असे मी म्हणणार नाही. परंतु अपूर्णांक ही एक संख्या आहे, संख्यारेषेवर तिची एक निश्चित जागा आहे, ही जाण त्या पाढ्यांबरोबर आपोआप येत असे. हल्लीच्या मुलाला ३/४ म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या वाटतात. दरवाजा ओलांडल्याची खूण अशी: ३/४ आणि ५/७ यांत मोठा कोणता, हे सांगताना मूल छेद समान करील, किंवा दोन्हींना एकापासून किती कमी पडते ते पाहील. ३/४ ला १/४ कमी पडतो आणि ५/७ ला २/७. १/४ हा २/७ पेक्षा लहान, म्हणून ३/४ मोठा.

चौथा दरवाजा अक्षराचा, आणि येथे मोठमोठे अडकतात. मुलांना सोपे जावे म्हणून आपण सांगतो, 'अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बांगड्या'. ही सोय पुढे महाग पडते. लहरीपुऱ्यात बांगड्यांचे तीन डझन आणि वीस रुपयांच्या टिकल्या मिळून दोनशे रुपये झाले, तर ३ब + २० = २०० या समीकरणात 'ब' म्हणजे बांगड्या नव्हेत; ब म्हणजे एका डझनाची किंमत, म्हणजेच एक संख्या. हा भेद किरकोळ वाटेल. पण १९८० च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या सुमारे १५० विद्यार्थ्यांना पुढील वाक्य समीकरणात लिहावयास सांगितले: 'या विद्यापीठात एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत.' विद्यार्थ्यांची संख्या 'व' आणि प्राध्यापकांची संख्या 'प' माना. वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी आपणही कागदावर लिहून पाहावे. त्या भावी अभियंत्यांपैकी ३७ टक्के चुकले, आणि चुकलेल्यांतील बहुतेकांनी ६व = प असे लिहिले, म्हणजे प्राध्यापकच विद्यार्थ्यांच्या सहापट करून टाकले! बरोबर समीकरण व = ६प. अक्षर म्हणजे वस्तू, अशी समजूत एकदा रुजली, की ती महाविद्यालयापर्यंत सोबत येते.

आपल्या पूर्वसूरींनी मात्र अज्ञात राशीला फार नेमके नाव दिले होते. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात (सुमारे ११५०) पहिली अज्ञात राशी 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'. अज्ञात राशी अनेक असतील तर पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा ही नावे ऐकून कोणी फळांची बेरीज करावयास जाणार नाही. (भास्कराचार्य मूळचे विजापूरचे, असे आमचे कन्नड विभागातील सहकारी म्हणतात, आम्ही चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाकडे बोट दाखवतो, ज्यात त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. हा वाद या अंकात मिटणार नाही. पण यावत्तावत् दोन्ही विभागांचा आहे.)

हे चारही दरवाजे पडद्यावरील धड्यांत होते. भाची प्रत्येकातून गेली होती आणि प्रत्येकावर तिला हिरवी खूण मिळाली होती. मग अडले कोठे? याचे उत्तर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एका संशोधकाने देऊन ठेवले आहे. १९७३ साली स्टॅन्ली अर्लवँगर यांनी 'बेनी' या टोपणनावाने एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. बेनीच्या शाळेत पिट्सबर्ग येथे तयार झालेली एक पद्धत चालू होती: प्रत्येक मुलाने आपल्या गतीने छापील पत्रिका सोडवायच्या, उत्तरे तपासून घ्यायची, ठरावीक गुण मिळाले की पुढे सरकायचे. बेनी भराभर पुढे सरकत होता. शिक्षिकेच्या मते तो चांगल्या मुलांपैकी एक होता. अर्लवँगर यांनी त्याच्याशी बोलावयास सुरुवात केली तेव्हा निराळेच चित्र दिसले. २/१० चे दशांश रूप तो १.२ सांगे, कारण दोन आणि दहा मिळून बारा. ४/११ चे १.५, आणि ११/४ चेही १.५! उत्तरपत्रिकेशी उत्तर जुळले नाही, तर ते तेच उत्तर निराळ्या रूपात असेल असे तो समजे. त्याच्या दृष्टीने गणित म्हणजे कोणीतरी केलेल्या नियमांचा खजिना, आणि विद्यार्थ्याचे काम म्हणजे उत्तरपत्रिकेला काय हवे ते ओळखणे. बेनीपुढे टॅब नव्हता, कागद होता. पण कागद काय किंवा टॅब काय, तो उत्तर तपासतो. उत्तरामागची वाट विचारीत नाही.

माझ्या भाचीच्या बाबतीत तर यात आणखी एक गोष्ट मिसळली होती. पडद्याने तिला कधी हसले नाही, हे खरे. त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. पण पडद्याने तिला कधी बोलावयासही लावले नाही. दीड वर्ष ती गणित न बोलता शिकली. जे बोलावे लागत नाही, ते समजले नाही हे कोणालाच कळत नाही, स्वतःलाही नाही.

येथे एका प्रसिद्ध उदाहरणाची आठवण होते. आज जगभर मुले ज्या 'खान अकादमी'चे धडे पाहतात, तिचा उगम २००४ साली झाला. सलमान खान हे बॉस्टनमध्ये नोकरी करीत होते आणि नात्यातील एक बारा वर्षांची बहीण न्यू ऑर्लिन्सला होती. मोजमापांच्या रूपांतराच्या उदाहरणांत अडल्यामुळे शाळेने तिला गणिताच्या खालच्या तुकडीत टाकले होते. खान तिला दूरध्वनीवरून आणि संगणकावर आकृत्या काढून शिकवू लागले. चित्रफिती पुढे, २००६ पासून, आल्या. म्हणजे त्या सगळ्या उद्योगाचे बीज, एक मूल अडखळत बोलत आहे आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी ऐकत आहे, या संभाषणात होते. चित्रफितींनी पहिले टोक लाखो घरांत पोहोचवले. दुसरे टोक प्रत्येक घराने आपापले पुरवावयाचे आहे.

घरची शाळा ही बडोद्याला नवी गोष्ट नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक घेऊन येथे गादीवर बसवला गेला. त्याला तोवर अक्षरओळख जेमतेम होती. एलियट नावाचे शिक्षक नेमून त्याचे शिक्षण खास शाळेत, मोजक्या सोबत्यांबरोबर झाले, आणि १८८१ साली त्याने राज्यकारभार हाती घेतला. ते सयाजीराव महाराज. मात्र स्वतः असे शिकलेल्या या राजाने सर्वांसाठी निवडली ती शाळाच: सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात. कारण उघड आहे. एका मुलासाठी एक एलियट, हा हिशेब गरिबाच्या घरी जमत नाही. पण त्याबरोबरच १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या हातून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. आजचा टॅब म्हणजे त्या फिरत्या पेटीचाच वारस आहे. पेटी दारी येते. पण ती उघडून 'काय वाचलंस, सांग' असे विचारणारे माणूस पेटीत बसवून पाठवता येत नाही.

हे माणूस गणितज्ञ असावे लागते काय? माझ्या मते नाही. आणि याला पुरावा म्हणजे आजी. तिसऱ्या दिवसापासून आम्ही एक रिवाज पाडला. भाचीने टॅबवर अर्धा तास शिकायचे, आणि मग ओट्यावर आजीजवळ बसून शिकलेले सांगायचे. आजीने दोन नियम घातले. एक, तिला कळेपर्यंत ती 'म्हणजे काय गं?' असे विचारीत राहणार. दुसरा, भाची अडखळली तर तिचे वाक्य कोणीही पुरे करायचे नाही. हा दुसरा नियम मला सर्वांत कठीण गेला. शिक्षकाला वर्गातील शांतता तीन सेकंदांपलीकडे सोसवत नाही.

ओट्यावर चाललेल्या खेळांपैकी एक मी मुद्दाम सांगतो. देवळालीला आयुष्यभर शाळामास्तरकी करीत संख्यांवर संशोधन करणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या संख्या मी तिला दिल्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा. पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर: ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि येथे गाडी थांबते, कारण ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४ च. भाची दोन दिवस या संख्येच्या मागे होती. मग मी लहान उदाहरण दिले: दोन अंकी संख्या घे, उलट कर, वजा कर. ७३ − ३७ = ३६, ८२ − २८ = ५४. नेहमी नऊच्या पाढ्यातच का? येथे अक्षराची गरज तिची तिलाच भासली. दशकस्थानी अ, एककस्थानी ब: (१०अ + ब) − (१०ब + अ) = ९अ − ९ब = ९(अ − ब). पंधरा संख्या तपासून जे 'वाटत' होते, ते एका ओळीत सर्व संख्यांसाठी ठरले. बीजगणित कशासाठी, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

ज्यांच्या घरी, नात्यात वा शेजारी असे मूल असेल, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके आंतरजालावर विनामूल्य मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या शासकीय संकेतस्थळावर अनेक भारतीय भाषांत पाठ आहेत. इंग्रजी धडा पाहिला तरी तो मुलाने घरच्या भाषेत सांगावा; 'व्हेरिएबल' म्हणजे 'चल', बदलू शकते ती राशी, हे मराठीत उच्चारताच निम्मे काम होते. चित्रफीत मध्येच थांबवावी आणि पुढची ओळ काय असेल ते मुलाने आधी वहीत लिहावे. दहा उदाहरणे सोडवण्यापेक्षा एक उदाहरण स्वतः रचावे. चुकलेले उत्तर पुसू नये, त्याशेजारी कारण लिहावे. परीक्षेचे म्हणाल, तर १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची दहावीच्या पातळीची परीक्षा वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बाहेरून देता येते. मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला आहे, हेही विसरू नये. घरची शाळा शाळेवर उगवलेला सूड असू नये. परतीची वाट मोकळी ठेवावी.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलो होतो. मी पाटीवर लिहिले: १७ + ९ = □ + १०. भाचीने पाटी जवळ घेतली, आणि उत्तर लिहिण्याऐवजी बोलावयास लागली. "सो-सोळा. कारण न-न-नवाचा दहा झाला, म्हणजे एक वाढला... म-मग स-सतरातला एक क-कमी व्हायला पाहिजे, तर त-तराजू सरळ राहील." तिने सव्वीस ही बेरीज केलीच नव्हती, दोन पारडी पाहिली होती. एवढे सांगावयास तिला दोन मिनिटे लागली असतील. मेहुणे मध्ये एकदा पुढे झुकले. आजीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी निकाल दिला तो असा: दीड वर्ष फुकट गेले नाही, पण अर्धेच काम झाले होते. दीड वर्षात तिने कौशल्य मिळवले. अर्थ तीन आठवड्यांत ओट्यावर आला. पुढचे एक वर्ष तिने घरी शिकावे, पण एकटीने नव्हे. गल्लीतील दोन मुली आठवड्यातून दोनदा तिच्याकडे गणित शिकावयास येतात, आणि रविवारी मेहुणे स्वतः विद्यार्थी होऊन बसतात. पुढल्या जूनमध्ये शाळेत जायचे की नाही, ते तिने ठरवायचे. यावर मेहुण्यांचे पूर्ण समाधान झाले आहे असे नाही, आणि त्यांची काळजीही अनाठायी नाही.

आता दर गुरुवारी रात्री साडेआठला मी बडोद्याला फोन लावतो. ती आठवड्याचे एक उदाहरण सांगते. मध्ये अडते, तेव्हा मी काही बोलत नाही, घड्याळाकडेही पाहत नाही. विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी सहावी-सातवीतले एखादे मूल असेलच. ते शाळेत जाते की घरी शिकते, हा प्रश्न येथे नाही. आठवड्यातून अर्धा तास त्याच्याजवळ बसा, ८ + ४ = □ + ५ लिहून द्या, आणि उत्तर काहीही आले तरी 'कसं काढलंस?' एवढेच विचारा. त्यानंतर गप्प बसणे जमले पाहिजे. ते जमले, तर पुढील काही वर्षांनी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात २क्ष + ३ चे ५क्ष करणारे थोडे तरी कमी होतील, आणि आम्हा प्राध्यापकांना क्वचित सुट्टीही मिळेल.